पलीकडचा फलाट

आमच्या स्टेशनाची इमारत काळ्या दगडाची, इंग्रजांच्या काळातली. पुढे कमानी, वर कौलं, आत सागवानी बाकं. व्हरांड्यात रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा. वडील तिथं पोर्टर, तो वाजवायचं काम त्यांचं. दोन ठोके पडले म्हणजे मागच्या स्टेशनातून गाडी सुटली. तोवर गावातलं माणूस घरातून हलायचं नाही. ठोके ऐकून चपला घालायच्या, आणि तरी गाडी मिळायची.

आईच्या किडन्या गेल्या तेव्हा वडील रिटायर झाले होते. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला नगरला न्यावं लागे. खड्ड्यांच्या रस्त्यानं जीपमधून नेलं की ती ओकून ओकून अर्धमेली व्हायची. त्यापेक्षा पॅसेंजर बरी. कमानीतून चार पावलं टाकली की समोर डबा.

मग दुसरी लाईन पडली आणि नगरकडच्या गाड्या पलीकडच्या फलाटावर लागू लागल्या. लोक रूळ ओलांडून जायचे. त्यात आमच्या शेजारचे तात्या गाडीखाली गेले. गाव पेटलं. पुलासाठी अर्ज द्यायचं ठरलं आणि अक्षर चांगलं म्हणून तो मी लिहिला. सरकारी काम, पण या खेपेला झालं. पूल आला, रुळांच्या कडेनं कुंपणही आलं. पुलाला नुसत्या पायऱ्या. उतार मागायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. घरात आई तशी असून माझ्याही नाही.

पहिल्याच दिवशी आई सातव्या पायरीवर बसली. मी आणि भावानं तिला खुर्चीत बसवून उचललं. लोक बाजूला झाले. एका म्हातारीनं चुकून हातच जोडले. आईनं ते पाहिलं.

संध्याकाळी घरी आल्यावर ती म्हणाली, "जित्तेपनी खांदा देऊ नगा रे मला. मी आता न्हाई जायाची."

वडील चिडले, रडले. आम्ही रस्त्यानं नेतो म्हणालो, हातापाया पडलो. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पंधरवड्यात गेली.

दगडी इमारतीला आता नवा रंग दिलाय. रुळाचा तो तुकडाही रंगवून शोभेला टांगलाय, त्याला हात लावायचा नाही. गाडीच्या वेळेला वडील अजून चपला घालून ओट्यावर बसतात. अर्जाची झेरॉक्स माझ्या कपाटात आहे. शेवटची ओळ अशी : 'आजारी व वृद्ध प्रवाशांची सोय व्हावी, ही विनंती.' अक्षर खरंच चांगलं आलंय.