बंद नावाचा नवा पत्ता

जनुकं कोणकोणती कामं करतात, त्या कामांच्या नावांची जगभरच्या संशोधकांची एकच यादी आहे. ती नीट राखणं ही माझी नोकरी. आज त्यातलं एक चुकीचं नाव बंद करत होते.

"चुकलंय तर पुसून टाक की गं," शेजारी बसलेली आई म्हणाली.

"पुसायचं नसतं, आई. कुणी जुन्या नावाने शोधत आलं, तर नवं कुठलं ते तिथंच लिहून ठेवायचं."

"हे तर मीच शिकवलं तुला!"

खरंच. घर बदललं तेव्हा लिहिता न येणाऱ्या आईने माझ्याकडून जुन्या दारावर खडूने नवा पत्ता लिहून घेतला होता. कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं पत्र, आमच्या घराण्यातलं पहिलं, त्या खडूमुळेच पोचलं. उद्या कुठल्याशा देशातलं कुणाचं पोर या बंद नावाशी येऊन उभं राहील.

मी बंद नावापुढे नव्या नावाचा यादीतला क्रमांक टाकला.

"मोठ्या अक्षरात लिहिलंस ना?" आईने विचारलं.