साडूंचं भरतीचं घड्याळ

पालघर ते बोईसर या पट्ट्यात माझ्या साडूंइतकी घड्याळं बसवणारा माणूस झाला नाही, आणि त्यातलं एकही भिंतीवर नाही. सगळी वेब पानांवर. साडू मूळचे जत तालुक्यातले. बोईसरच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांना कळलं की कोडची एक ओळही न लिहिता पान उभं करता येतं: डावीकडे तयार विजेटांची रांग असते, हवं ते बोटाने उचलायचं आणि कोऱ्या पानावर नेऊन सोडायचं. घड्याळ, हवामान, नकाशा, पाहुणे मोजणारा आकडा. "आयुष्यभर नटाला बोल्ट शोधला, साडूभाऊ," ते म्हणाले, "इथं सगळं बसतंच!"

प्रत्येक विजेट बसवलं की ते स्क्रीनवर पातळी तपासायची खरोखरची स्पिरिट लेव्हल धरत. बुडबुडा मध्ये आला नाही, तर लॅपटॉपखाली पुठ्ठा सरकवत. उमरोळीच्या एका शिंप्याच्या पानावर मी स्वतः चौदा विजेटं मोजली. "मनोरला पाऊस आहे का ते कळतं," मी म्हटलं, "पण हा ब्लाउज शिवतो का ते कळत नाही." साडू शांतपणे म्हणाले, "शिंपी आहे म्हटल्यावर शिवणारच की."

पण साडूंपुढे माझी मान आदराने झुकली ती दातिवऱ्याच्या पानामुळे. तिथल्या मासळीवाल्या ताई वीस वर्षं आमच्या दारी येतात. खडकांवर त्यांचे गुडघे टिकेनात, आणि ओहोटीला तिथे जाऊन शिंपल्यातली कालवं काढायचं काम सुनेवर आलं. सून डोंगराकडची, तिला पाण्याची वेळ कळेना. "पानी मागून येतं, दादा. पोरीला ठाव नाय," ताई साडूंना म्हणाल्या. त्याच दुपारी साडूंनी सुनेच्या मोबाइलसाठी पान केलं. मधोमध भरती-ओहोटीचं तयार घड्याळ, अगदी लेव्हलमध्ये.

पुढच्या आठवड्यात ताई टोपली न उतरवताच बोलू लागल्या. "तुमचा घड्याल खोटा हाय! तो सांगते ओहोटी हाय, नि पानी चढाया लागला. मी हाका मारल्या म्हणून पोर फिरली. आमी तिथी मोजतो. तिथीची पाऊणपट केली का भरती." मी कागदावर करून पाहिलं. अष्टमी, आठाचे सहा. भरती सहाला, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास.

साडूंनी पान उघडलं. घड्याळातल्या बंदरांच्या यादीत दातिवरे नव्हतंच, म्हणून यांनी यादीतलं पहिलं बंदर ठेवून दिलं होतं. ते निघालं गुजरातेतलं. साडूंनी लॅपटॉपखालचा पुठ्ठा काढून टाकला. मग म्हणाले, "एकतीस वर्षांत दाबाचं गेज न बघता व्हॉल्व्ह उघडला नाही मी. आणि इथं तयार माल म्हणून बसवून मोकळा झालो."

अमावस्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा दिवस हा गृहस्थ बसने दातिवऱ्याला जात होता. किनाऱ्यावर खुणा केलेली काठी रोवायची, वहीत ताईंच्या हिशेबाची वेळ आणि शेजारी पाण्याची वेळ लिहायची. मी वही तपासली. फरक अर्ध्या तासाच्या वर एकदाही गेला नव्हता. मग त्यांनी ते घड्याळ काढून साधा तक्ता टाकला: तिथी, ओहोटीची वेळ, परतायची वेळ. ओहोटीच्या वेळेत त्यांनी अर्धा तास आधीच कापून ठेवला होता. खाली एक ओळ: "पाणी चढताना दिसलं तर पान बघू नका, परत फिरा." विजेट एकच उरलं, पाहुणे मोजणारा आकडा. ताईंनी सुनेकडून तक्ता वाचून घेतला, बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "जा गो बाय आता."

गेल्या वर्षी साडू जतला राहायला गेले. तिथे समुद्र सोडाच, विहिरीला पाणी असलं तरी माणसं खूश असतात. तरी सकाळी अकराला कधी फोन येतो. "आज पंचमी. फिरली असेल ना पोर?"

हल्ली मी आधी ते पान उघडून वेळ बघतो, मग ताईंना विचारून कळवतो. त्या पानावरचा आकडा बरेच महिने रोज दोनने वाढत होता, एक दातिवऱ्याहून, एक जतहून. आता तो तीनने वाढतो.