नाव सापडत नाही

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे खटपट्या म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. एका मोठ्या रुग्णालयात रुग्णांच्या सगळ्या नोंदी ज्यात राहतात, तो डेटाबेस सर्व्हर सांभाळणं हे त्याचं काम. लग्न केलं नाही. माझ्या घरात वरच्या खोलीत राहतो आणि खाली माझं शिलाईचं मशीन चालतं, त्यामुळे त्याची सगळी खटपट मला नको असताना पाठ झाली आहे.

बाकीचे लोक असा सर्व्हर तयार उतरवून घेतात आणि मोकळे होतात. याला ते चालत नाही. हा सोर्स कोड आणणार, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा मूळ मजकूर, आणि स्वतः कंपाइल करून त्यातून चालता सर्व्हर घडवणार. "आयतं मिळतंय तर घे की गपचूप," मी म्हणायची. "आत काय घातलंय ते कळत नाही ताई," हे ठरलेलं उत्तर. वर जाऊन पाहावं तर पडद्यावर ओळी धावताहेत आणि हा दूध उतू जाईल म्हणून उभं राहावं तसा समोर उभा. जेवण निवून जायचं, माझं डोकं फिरायचं. पण त्याच्या हातून काही बिघडल्याचं कधी कानावर आलं नव्हतं, हेही खरं.

गेल्या थंडीत रुग्णालयाला नवं यंत्र मिळालं आणि सर्व्हरची व्हर्जन बदलायची वेळ आली. आठवडाभर त्याने घरी तालीम केली. ठरलेल्या पहाटे नवी व्हर्जन बसवली, जुनी बाजूला जपून ठेवली, नोंदी उचलून नव्या यंत्रावर आणल्या. एकच काम उरलं, इंडेक्स नव्याने बांधायचा. इंडेक्स म्हणजे जाड पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची. नाव विचारलं की यंत्र सगळ्या नोंदी चाळत बसत नाही, सूचीत बघतं. नव्या यंत्राची नावं क्रमाने लावायची रीत थोडी वेगळी, म्हणून जुनी सूची अधूनमधून चुकणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण तोवर नोंदणीची रांग दाराबाहेर गेली आणि साहेब डोक्यावर येऊन उभे राहिले. "करा चालू आता, लोक माझा जीव खातायत." याने ओळखीची पाच-सात नावं शोधून पाहिली. सगळी सापडली. त्याने सर्व्हर चालू केला आणि सूचीचं काम सुट्टीच्या दिवसावर ढकललं.

सुट्टीच्या दिवशी ते केलंही. त्यानंतर सगळं सुरळीत होतं. कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

महिन्याभराने रुग्णालयात जेवणाच्या सुट्टीत नोंदणीच्या खिडकीवरची बाई एक हकीकत सांगत होती. एक म्हातारा आला होता. भांडून घर सोडून गेलेला त्याचा मुलगा इथे दाखल आहे, असं एका ओळखीच्याने त्याला कळवलं होतं. हिने नाव शोधलं, सापडलं नाही. पुन्हा पुन्हा शोधलं, नाहीच. म्हाताऱ्याने हुज्जत घातली, गयावया केली आणि शेवटी निघून गेला. दोन दिवसांनी मुलगा वारला, तो इथेच, तिसऱ्या मजल्यावर. प्रेत न्यायला आलेला बाप तिला म्हणाला, "त्यानंच सांगून ठेवलं असणार तुम्हाला, बाप आला तर नाही म्हणा. मरेपर्यंत हट्ट सोडला नाही."

माझ्या भावाने ताट तसंच ठेवलं आणि तारीख बघायला गेला. म्हातारा आला तो दिवस, सर्व्हर चालू केला आणि सूची बांधली त्या मधल्या दिवसांतलाच होता.

साहेबांनी ऐकून घेतलं, दार लावलं आणि म्हणाले, "हे इथेच राहू दे." त्या दिवसापासून याचं जेवण तुटलं. वरच्या खोलीतून कसलाच आवाज येईना. खोटं कशाला बोलू, मीही त्याला साहेबांसारखंच सांगितलं. "नोकरी जाईल तुझी. आणि त्या माणसाचा मुलगा परत येणार आहे का?"

"नाही येणार," तो म्हणाला. "पण तो मेलेल्या मुलावर रागावून बसलाय, ताई. मुलानं काहीच केलेलं नाही."

मी मशीन झाकलं, चपला घातल्या. तो एकटा गेला असता तर दारातूनच मागे फिरला असता.

म्हातारा एका अरुंद जिन्याच्या वर, एका खोलीत राहत होता. बायको कधीच गेलेली. खोली इतकी नीटनेटकी की मला तिथे बसवेना. भावाने एका दमात सगळं सांगितलं. साहेबांचं नाव घेतलं नाही, रांगेचं घेतलं नाही. फक्त, माझं काम राहिलं होतं, म्हणून नाव दिसलं नाही.

म्हातारा बराच वेळ चादरीची सुरकुती सारखी करत राहिला.

"म्हणजे त्यानं मला नको म्हटलं नव्हतं?"

"नाही काका."

"मी वर गेलो असतो तर भेटला असता?"

"हो."

"शुद्धीत होता?"

इथे खोटं बोलला असता तर मी त्याला दोष दिला नसता. पण त्याने वॉर्डातल्या नर्सला आधीच विचारून ठेवलं होतं. "होता," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने मान हलवली. ओरडला नाही. ओरडला असता, हात उगारला असता तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटलं.

"राग होता तोवर माझं निभत होतं," तो म्हणाला. "सकाळी उठलो की त्याला दोन शिव्या हासडायच्या आणि कामाला लागायचं. आता मी काय करू, सांगा?"

माझा भाऊ खाली बसून रडायला लागला. म्हाताऱ्याने त्याला गप्प केलं नाही.