सोमवारची सही

भुताखेतांच्या गोष्टी मी कधी पूर्ण ऐकूनही घेतल्या नाहीत. कुणी सुरू केली की मी विचारते — तारीख कोणती? सोबत कोण होतं? लेखी काही आहे का? मग सांगणारा विषय बदलतो. सव्वीस वर्षं झाली, कळमनुरीत तहसील कार्यालयाजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. आधी मशीन होतं, आता कॉम्प्युटर. अर्ज, शपथपत्रं, संमतीपत्रं. माझा भरवसा कागदावर.

म्हणूनच ही हकीकत लिहायला जड जातंय... कारण या वेळी तारीख आहे, सांगणारा माणूस आहे, आणि लेखीही आहे. शिक्क्यासकट.

मंगल आमच्या गल्लीतली. लग्न होऊन सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका गावी गेली. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं गेलं — सरस्वती. आधार, रेशनकार्ड, बँक, सगळीकडे सरस्वतीच. पण तिचा नवरा प्रभाकर वेल्डर म्हणून आखातात जायला निघाला, तेव्हा एजंटाने बायकोचा काही कागद मागितला. या शहाण्याने घरात हाताशी लागला तो दिला — तिचा शाळेचा दाखला. झालं. पासपोर्टवर बायको मंगल, कंपनीच्या फॉर्मवर वारस मंगल. आणि त्या नावाचा एकही चालू कागद तिच्याकडे नाही.

गेल्या वर्षी आठवडी बाजाराच्या दिवशी ती दुकानात आली, सगळे कागद पसरले आणि म्हणाली, "मावशी, मी दोन बाया झाले की ओ. एकीचा नवरा दुबईकडं, अन् दुसरीच्या नावावर रेशन!"

मी हसले, पण भानगड साधी नव्हती. पासपोर्ट प्रभाकरचा, तेव्हा खुलासाही त्यानेच करायला हवा. मंगल आणि सरस्वती एकच व्यक्ती असून ती माझी पत्नी आहे, असं शपथपत्र तिथल्या आपल्या वकिलातीत जाऊन, अधिकाऱ्यासमोर सही करून, शिक्का मारून पाठवायचं. मी मजकूर तयार केला, व्हॉट्सॲपवर टाकला आणि व्हिडिओ कॉलवर त्याला बजावलं, "प्रिंट काढ. स्वतः जा. सही तिथंच करायची, आधी नाही. आणि बसून करायची. उभ्यानं केलेली सही वाकडी येते, मग पासपोर्टशी जुळत नाही म्हणून परत पाठवतात."

"व्हय मावशी. पुढच्या हप्त्यात जातो."

पुढचा हप्ता काही येईना. त्याची सुट्टी शुक्रवारी, वकिलातही शुक्रवारी बंद. इतर दिवशी जायचं तर बिनपगारी खाडा. दर महिन्याला एक नवं कारण. सरस्वती वैतागायची — "त्यायचं सगळंच उशिरा. वरात बी दोन घंटे उशिरा आणली व्हती!"

मग एका रविवारी सकाळी रफीकचा फोन आला. रफीक हिंगोलीचा, प्रभाकरच्याच खोलीत राहायचा. शनिवारी दुपारी शिफ्ट संपवून प्रभाकर पडला तो उठलाच नाही. हार्ट. वय एकेचाळीस.

मयत घरी पाठवायचं तर कंपनीला बायकोचं अधिकारपत्र हवं होतं. मी त्याच दिवशी टाइप केलं, नोटरीकडून करून घेतलं, स्कॅन करून पाठवलं. मंगळवारी उत्तर आलं : पासपोर्टप्रमाणे पत्नीचं नाव वेगळं आहे. ओळख पटल्याशिवाय मृतदेह सोडता येणार नाही.

आता तिनं इथं स्वतःचं शपथपत्र करायचं, मग ते शिक्क्यांसाठी मुंबईला, तिथून दिल्लीला, मग त्या देशाच्या दूतावासात... कितीही पळापळ केली तरी तीन आठवडे. कंपनी तेवढं थांबायला तयार नव्हती. वारसाचा वाद असेल तर अंत्यविधी इथंच उरकू, असं त्यांनी कळवलं.

तिचा दीर दुकानातच म्हणाला, "वहिनी, तिथंच उरकू द्या ना. काहून तकलीफ करून राहिले? माती ती माती."

सरस्वती खुर्चीवरून उठली नाही, आवाजही चढवला नाही. "भाऊजी, सतरा वर्षं संसार केला. माझ्या नवऱ्याचं तोंड मला दिसू द्यायचं का न्हाई, हे एक नाव ठरवणार काय? मी त्यायची कोण हाय, हे तरी कुणी लिहून देईल का न्हाई?"

मी मुंबईचा फॉर्म भरत राहिले.

दहाव्या दिवशी कुरिअरवाला आला. परदेशी पाकीट, दुकानाच्या पत्त्यावर. पाठवणाऱ्याचं नाव प्रभाकर. आत माझंच शपथपत्र. खाली त्याची सही, शेजारी वकिलातीचा गोल शिक्का, अधिकाऱ्याची सही आणि ओळ : समक्ष हजर राहून सही केली.

मला आधी आनंदच झाला. वाटलं, गेला बाई एकदाचा, मरायच्या आधी गेला. मग सवयीने तारीख पाहिली.

सोमवार. तो गेल्याच्या तिसऱ्या दिवसाचा सोमवार.

मी कॅलेंडर काढलं. बोट ठेवून मोजलं. परत मोजलं. कारकुनाची चूक, दुसरं काय. पण तारीख तीन ठिकाणी होती — सोबत जोडलेल्या फीच्या पावतीवर, शिक्क्यात, सहीखाली. तिन्हीकडे तीच.

आता माझा स्वभाव सांगते. चुकीच्या तारखेचा कागद मी कधी पुढे जाऊ दिला नाही. गिऱ्हाईक रडलं तरी परत पाठवलंय. त्या दिवशी मात्र मी कुठे फोन लावला नाही, कुणाला विचारलं नाही. कागद स्कॅन केला, पाठवून दिला. मृत्यूचा दाखला आधीच कंपनीकडे होता, त्यावर शनिवार होता. दोन्ही एकत्र ठेवून कुणी वाचले असते तर सगळं तिथंच अडलं असतं. मी मनाशी म्हटलं, वाचू नका रे... एवढं एकदा नका वाचू.

कुणी वाचलं नाही. पाचव्या दिवशी हैदराबादहून ॲम्ब्युलन्स आली. सरस्वतीने तोंड पाहिलं. पूर्णेच्या काठी अग्नी दिला.

तेरावं झाल्यावर मी शोध घ्यायला बसले. मयतासोबत रफीक आला होता, त्याला दुकानात बोलावलं आणि सरळ विचारलं, "खरं सांग. त्याच्या जागी तू गेलास का? मी कुणाला सांगणार नाही."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "मावशी, ऐसा कैसा बोलते तुमे? सोमवारी मी पोलिसांत होतो दिवसभर, जबाब द्यायला. अन् पासपोर्ट पण त्यांच्याचकडं. शनिवारीच घेतला." मग म्हणाला, "एक बात है. तुमचा तो प्रिंट उशीखाली ठेवायचा तो. सामान भरताना मी उशी उचलली... कागद नव्हता."

मग मी वकिलातीत फोन लावला. दोन दिवस लावत होते. शेवटी रजिस्टरमध्ये नोंद सापडली — सोमवार, सकाळ, मूळ पासपोर्ट पाहिला. मी म्हटलं, खिडकीवर कोण होतं त्यांच्याशी बोलायचंय. फोनवर आलेला माणूस निघाला यवतमाळकडचा.

"आहेत ना लक्षात," तो म्हणाला. "मराठी बोलले म्हणून. कामावरच्याच कपड्यात होते. मी म्हटलं, दादा, खुर्ची घ्या, बसून सही करा. तर म्हणाले, मावशीनं पण बसूनच करायला सांगितलं होतं, पण नको. आता बसलो तर उठणं होणार नाही. आणि उभ्यानंच केली. काहून, सही जुळत नाही का, मॅडम?"

मी म्हटलं, "जुळतेय." फोन ठेवला.

मूळ कागद पुन्हा काढून पाहिला. सही त्याचीच. शेवटची दोन अक्षरं खाली उतरलेली... उभ्यानं केल्यावर उतरतात तशी.

मी हे सरस्वतीला सांगायचं की नाही, आठवडाभर ठरवत होते. शेवटी सांगितलं. ती घाबरली नाही. कागद हातात घेतला, दोन्ही नावांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "शनिवारी गेले, अन् सोमवारी हे केलं?"

"कागद तरी तसंच म्हणतो."

"बराबर हाय मग," ती म्हणाली. "त्यायचं सगळं दोन दिवस उशिराच व्हायचं." आणि त्या रविवारपासून पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.

हे स्पष्टीकरण मला पटत नाही. रजिस्टरात चूक असेल, पोलिसांनी पासपोर्ट मंगळवारी नेला असेल, कुणी तरी तिसरा त्याच्या नावाने जाऊन आला असेल. सगळं ताडून पाहिलं. पण मी काय बोलले ते त्या खिडकीवर कुणाला माहीत असणार? कॉल चालू होता तेव्हा खोलीत प्रभाकर एकटाच होता... मला तरी तो एकटाच दिसला होता. कुणाकडे याचं धड उत्तर असेल तर जरूर कळवा. मला हवं आहे.

शपथपत्र आणि मृत्यूचा दाखला, दोन्हींच्या झेरॉक्स माझ्या कपाटात आहेत, वेगवेगळ्या पाकिटांत. एकत्र ठेवायला हात होत नाही.

सही बसून करा, असं गिऱ्हाइकांना मी अजूनही सांगते. कुणी उभाच राहिला तर खुर्ची पुढे सरकवते. पण नको म्हणाला, तर दुसऱ्यांदा आग्रह करत नाही. पेन देते.