गयाबाईपुढून नेलेलं ताट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, बदलून गेलेल्या तीन पाळकांपैकी एकालाही नाही. देवाला सांगितलं — पण देवाला सांगणं किती सोपं असतं, तुम्हाला ठाऊक आहे ना? तो काही चारचौघांत उठून बोलत नाही.

परभणीतल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत मी वीस वर्षं वडील आहे, म्हणजे पाळकांच्या हाताखाली मंडळीचा कारभार बघणारा. शाळेत मास्तर होतो, म्हणून सगळे गुरुजी म्हणतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत प्रत्येकानं भाकरीचा एक तुकडा घ्यायचा, आणि भाकरीचं ताट ओळीओळीनं फिरवणं हे माझं काम.

आमच्यात एक कडक नियम होता. मंडळीतल्या कुणी नवस, देवऋषी, गंडे-ताईत असलं काही केलं, तर त्याला प्रभुभोजन बंद. सगळ्यांपुढे उभं राहून चूक कबूल केली की पुन्हा चालू. हा नियम सगळ्यात मोठ्या आवाजात कोण सांगायचं? मीच.

मग माझ्या मुलीला आकडी यायला लागली. सात वर्षांची होती. औषधं चालू होती, प्रार्थना चालू होत्या, आणि आकडी येतच होती. एका गुरुवारी शाळेतून परस्पर दर्ग्यावर गेलो. मुजावरानं काळ्या दोऱ्यातला ताईत दिला. त्याची मला आजही लाज नाही — बाप होतो, गेलो. लाज पुढची आहे.

तो मुलीच्या गळ्यात बांधायची हिंमत झाली नाही. शर्टाच्या खिशात ठेवला, आणि रविवारी प्रार्थनेला वाकलो तेव्हा पडला असणार. उपासनेनंतर चटया गुंडाळताना बायकांना सापडला. पाळकसाहेबांनी तो वर धरून विचारलं, हा कुणाचा?

किती वेळ गेला असेल? फार नाही. मी म्हणालो, "गयाबाईच्या गळ्यात बघितल्यासारखा वाटतो."

गयाबाई पेडगावची. विधवा, भाजी विकायची. दोनच वर्षांपूर्वी भावांशी वैर घेऊन तिनं बाप्तिस्मा घेतला होता. नवी होती, मंडळीत एकटी होती — सगळ्यांना लगेच पटलं. पटणार हे मला माहीत होतं, म्हणून तर तिचं नाव घेतलं. घाबरून तोंडातून निघून गेलं, असं सांगता आलं असतं. नाही. मी निवडून घेतलं.

"माझा न्हाई ओ त्यो," ती म्हणाली. कबूल करा, पुढच्या महिन्यात सगळं सुरळीत होईल, असं पाळकसाहेबांनी परोपरीनं समजावलं. ती म्हणाली, "जे केलंच न्हाई ते कबूल कसं करू? देवाच्या घरात खोटं बोलू का?"

आता सगळ्यात घाण गोष्ट ऐका. तिचं नाव घेतानाच मी मनात म्हणून गेलो होतो — घरी जाऊन क्षमा मागू. पापाच्या आधीच माफी धरून चाललो होतो, रेशनच्या दुकानात कार्ड पुढे करावं तशी. आणि मागितली. गुडघे टेकले, रडलोसुद्धा, मग चहा प्यायलो. हलकं वाटलं. खाई त्याला खवखवे म्हणतात — मला काही खवखवलं नाही. प्रभूच्या क्षमेला अंत नाही, अशी साक्ष मी त्याच महिन्यात मंडळीपुढे दिली. लोकांनी हालेलुया म्हटलं.

गयाबाई मंडळी सोडून जाईल असं वाटलं होतं. जावी असंच वाटत होतं. ती गेली नाही. अकरा वर्षं दर रविवारी पेडगावहून यायची, मागच्या ओळीत बसायची. पहिल्या रविवारी मी ताट घेऊन तिच्यापर्यंत पोचायचो आणि तिच्यापुढून ते पुढे न्यायचो. ती हात मांडीवर ठेवून बसलेली असायची. नव्या पाळकांनी विचारलं, या बाई का घेत नाहीत? मी म्हणालो, जुनं प्रकरण आहे, त्या कबूल करत नाहीत.

मुलगी तोवर बरी झाली होती. औषधांनी.

गेल्या उन्हाळ्यात गयाबाईनं अंथरूण धरलं. आजाऱ्याला भेटणं हे वडिलाचं काम, म्हणून गेलो. सून चहा ठेवायला आत गेली, तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, त्या बेस्तरवारी दर्ग्यापाशीच भाजी घेऊन बसले होते मी. तुमाला बघितलं."

"मग बोलला का नाहीत?" एवढंच मला सुचलं.

"लेकरू आजारी होतं तुमचं. म्हनलं, गुरुजीच सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील. अजून बी वाट बघायलेय."

तिथल्या तिथं पाय धरता आले असते. पाळकांना फोन करून त्याच दुपारी तिच्यासाठी प्रभुभोजन आणवता आलं असतं. मी काय केलं? म्हणालो, "चला, प्रार्थना करू." डोळे मिटले आणि केली. चांगली केली — मला येते. देवाची करुणा, आजाऱ्याला शांती, सगळ्यांना क्षमा.

आठवड्यानं ती गेली. अकरा वर्षांत भाकरीचा एक तुकडा तिला मिळाला नाही. मातीच्या वेळी वचन मी वाचलं, आणि ताट अजून माझ्याच हातात आहे.

त्या दुपारी प्रार्थना संपवून मी आमेन म्हणालो आणि डोळे उघडले. ती माझ्याकडेच बघत होती. ती आमेन म्हणाली नाही.