बाराव्या गोऱ्ह्याचं कडं

दुधाच्या जातीचे गोऱ्हे मांसासाठी वाढवणं हा आतबट्ट्याचा धंदा आहे, हे मी ग्लेनिस पर्किसला शंभरदा सांगितलं. ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडमध्ये माझा दूधगोठा आणि तिचं कुरण यांच्यात एकच कुंपण. माझ्या होल्स्टिन गायीला नर झाला की आठवड्याच्या आत तो कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये जायचा. ग्लेनिस त्यातले काही आधीच उचलून न्यायची.

"अगं, नुसती हाडं आहेत ती," मी म्हणायचो.

"हाडं असली की मांस चढतं. तू तुझं दूध काढ, मला शिकवू नकोस."

चढतं, पण कधी? आधी दूध पावडरीची पोती, मग हगवण, मग जंताची औषधं आणि वर अडीच वर्षांचा चारा. तिच्या भावाचे, नेव्हचे, मांसाच्या जातीचे काळे अँगस दीड वर्षात गुबगुबीत होऊन बाजारात जायचे, भावही चढा घ्यायचे. ग्लेनिसचं पालुपद एकच: वासरू जवळजवळ फुकट मिळतं, आणि शेवटी सहाशे किलोचं जनावर उभं राहतं. तेही खोटं नव्हतं, याचाच मला जास्त राग यायचा.

पण ती वापरायची ते ओढ्याकाठचं कुरण नेव्हच्या नावावर होतं. एकदा तो वैतागून म्हणाला, "ताई, ही बारा वासरं शेवटची. पहिल्या प्रतीत विकली गेली तर कुरण तुझं. नाहीतर माझ्या गायी तिथे सोडतो."

वासरं महिन्याची झाली तेव्हा खच्ची करायचं काम माझ्याकडे आलं, कारण ग्लेनिसची बोटं संधिवाताने आखडली होती. चिमट्याने रबरी कडं ताणून वृषणाच्या पिशवीवर चढवायचं, दोन्ही गोळ्या खाली आल्यात का ते चाचपून मोजायचं, मगच कडं सोडायचं. अकरा नीट झाले. बाराव्याच्या वेळी माझी गायी पिळायची वेळ टळत होती. मी न मोजताच कडं सोडलं आणि पळालो.

दोन वर्षांनी बाराव्याची मान जाड व्हायला लागली, तो बाकीच्यांवर चढायला लागला. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

बाजारात व्यापाऱ्याने त्याच्या मागे वाकून हात घातला. "एक गोळी वरच राहिलीय, हा अर्धा वळू आहे!" तो ओरडला, आणि एकाच लॉटमधले म्हणून सगळे बाराच्या बारा दुसऱ्या प्रतीत ढकलले.

नेव्ह लालबुंद झाला. "कडं कोणी घातलं होतं?"

"मी," ग्लेनिस म्हणाली. "माझ्या बोटांचं काही खरं नाही आता."

मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडलं नाही. स्वतःची एवढी चीड मला कधी आली नव्हती, आणि खरं सांगतो, तिचीही आली.

पुढच्या ऑगस्टात ओढ्याकाठी नेव्हच्या काळ्या गायी चरत होत्या. ग्लेनिसने मला परसात बोलावलं. कपडे वाळत घालायच्या तारेखाली माझ्याच गोठ्यातली दोन वासरं बांधलेली. तिने चिमटा माझ्या हातात दिला.

"मी नेव्हला सांगतो सगळं," मी म्हणालो.

"सांगून कुरण परत येणारे का? वाक खाली. मोठ्याने मोज."

"एक... दोन."

"परत मोज," ती म्हणाली.