हॉल्टच्या खिडकीवर न विकलेलं तिकीट

अन्याय झाला तो माझ्या मावशीवर. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सोमवारी सकाळी, इंदूरहून निघालेली पॅसेंजर तिच्या शाळेच्या गावच्या हॉल्टवर, म्हणजे त्या छोट्या थांब्यावर, न थांबता पुढे गेली तेव्हा.

मी तिच्यासोबत होतो. "मोर्च्याचे बोर्ड रंगवतोस ना, मग माझ्या वर्गाची भिंत रंगव," म्हणून तिने मला ओढून आणलं होतं. ती त्या गावच्या प्राथमिक शाळेत अतिथी शिक्षिका. म्हणजे दरवर्षी नव्याने ठेवायची, नको झाली की काढायची. हजेरी मोबाईलवर, शाळेच्या आवारातूनच आणि वेळेच्या आत. उशीर झाला की दिवस बुडाला. गावाला बस नाही, त्यामुळे तिची नोकरी त्या एका गाडीवर उभी होती.

इंदूरबाहेरचे सांवेर रोडचे कारखाने मागे पडले की मावशी मांडी सोडून चपला घालायची. तशा त्या दिवशीही घातल्या. रोज अप-डाऊन करणारे सगळे डब्यात होते. त्यांच्यातला एक जाडसर भिया (इंदुरी बोलीत भैयाचा भिया होतो) म्हणाला, "मॅडमजी, फराळ जास्त झाला दिसतो, पिशवी उचलत नाही तुम्हाला."

"तुमच्यासाठीच चिवडा आणलाय. घ्या, म्हणजे तोंड बंद राहील," मावशी म्हणाली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

गाडीचा वेग कमी होईना. हॉल्टची पत्र्याची शेड आली, गेली. शाळेच्या फाटकाशी पोरं उभी होती, त्यांनी हात हलवले. मावशीनेही सवयीने हलवला. मग दांडा धरून ती तिथेच खाली बसली.

पुढच्या स्टेशनवर उतरून, टेम्पो धरून आम्ही मागे आलो. हॉल्टच्या खांबावर कागद होता: तिकीटविक्री नाही, सबब थांबा बंद. लावला होता सुट्टीत, म्हणजे ज्यांनी वाचायचा ते सगळे घरी असताना.

विक्री नाही? रोज डबाभर माणसं तिथे उतरत होती. गावचे दूधवाले तिथूनच चढत होते. पण रोजचा माणूस पास काढतो, आणि हॉल्टच्या खिडकीत पास मिळतच नाही, फक्त त्या दिवसाचं तिकीट मिळतं. मावशीच्या डब्यात तर रीतच होती: तो जाडसर भिया सगळ्यांचे पास इंदूरच्या खिडकीवरून एकदम काढून आणायचा. बायकांना लाइनीत उभं राहावं लागू नये म्हणून, दूधवाल्यांच्या धंद्याची खोटी होऊ नये म्हणून. बदल्यात त्याला खिडकीजवळची सीट आणि वाट्टेल ते बोलायची मुभा.

आम्ही पत्रकं छापली, सह्या घेतल्या, भियाला घेऊन रेल्वेच्या साहेबांकडे गेलो. साहेबांनी चहा मागवला, सह्या चाळल्या.

"हे सगळे तिकीट कुठे घेतात?"

"पास आहेत, साहेब," मी म्हणालो.

"कुठले काढलेले?"

"इंदूरचे," भिया म्हणाला.

"फिर तो वो इंदौर की कमाई हुई ना, भिया. हॉल्ट पे क्या बिका?"

भिया चहा तसाच ठेवून उठला. जिन्यात तो मावशीला म्हणाला, "मॅडमजी, मैंने ही डुबो दिया आपको."

"गप बसा," मावशी म्हणाली. "सगळ्यांचे पास तुम्ही आणलेत, थांबा तुम्ही नाही काढलात."

माझंही तेच म्हणणं आहे. जो रोज येतो, आगाऊ पैसे भरतो, तोच हिशेबात नाही. गार्डला दिसतो, पोरांना दिसतो, कागदाला दिसत नाही. असा नियम करणाऱ्याने एकदा त्या दाराशी उभं राहून बघावं.

मावशी पुढे टेम्पो बदलत जात राहिली. उशीर होत राहिला, दिवस बुडत राहिले. नव्या सत्रात शाळेने गावातच राहणारी बाई ठेवली. तिचा राग नाही, तिलाही पोट आहे. मावशी आता घरी चार पोरांच्या शिकवण्या घेते आणि सकाळी गाडीच्या वेळेला उगीच घरभर फिरते. वर्गाची भिंत माझ्याकडून अर्धीच रंगली.

तुमचा हॉल्ट अजून उघडा असेल तर उद्या त्याच्या खिडकीशी जा. पास खिशात असू दे. पैसे दोनदा जातात, माहीत आहे. तरी तिकीट घ्या, आणि शेजारी बसणाऱ्यालाही घ्यायला लावा. खांबावर कागद लागायच्या आधी घ्या.